‘पर्यावरण’ हा विषय नेमका कोणाचा?

जून महिना आला की घराघरांत नव्या पुस्तकांना कव्हर घालण्याचे काम सुरू होते. गणित, विज्ञान, इंग्रजीची पुस्तके आधी हातात घेतली जातात. पर्यावरणाचे आणि जलसुरक्षेचे पुस्तक बहुधा गठ्ठ्याच्या तळाशी जाते. ‘त्याला मार्क नाहीत, नुसती श्रेणी आहे’ असे मुलेच सांगतात आणि आपणही मान डोलावतो. ५ जूनला शाळेत रोपे लावली जातात, फोटो निघतो आणि पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच खड्ड्यात दुसरे रोप येते. या महिन्यात आम्ही या तळाशी गेलेल्या पुस्तकाबद्दल लिहिणार आहोत. कारण त्यात जे आहे त्याचा संबंध आपल्या मुलांच्या पाण्याशी, श्वासाशी आणि उद्याच्या रोजीरोटीशी आहे.

‘शाश्वत विकास’ हा शब्द ऐकायला जड आहे, पण त्याचा अर्थ आपल्या घरातल्या कोणत्याही वडीलधाऱ्या बाईला चटकन कळेल. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढीच्या तोंडचा घास काढून घेऊ नये, एवढेच त्याचे सार. नॉर्वेच्या पंतप्रधान ब्रुंटलँडबाईंच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९८७ मध्ये हा विचार जगापुढे मांडला आणि तेव्हापासून तो सरकारी कागदांत रुळला. आपल्याकडे त्याला ‘अमानत’ हा सोपा शब्द आहे. जे आपल्याला सांभाळायला दिले आहे ते उधळता येत नाही, जसे मिळाले तसे पुढे सोपवायचे असते. विहीर, नदी, जमीन, हवा या अशाच अमानती आहेत. प्रश्न एवढाच आहे की हा विचार शाळेत कसा शिकवायचा.

या प्रश्नाचा विचार आपल्या देशात फार आधी झाला आहे आणि तोही आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले. या समितीने सांगितले की सात वर्षांचे शिक्षण मोफत, सक्तीचे आणि मातृभाषेतून असावे आणि ते एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे. मुलाचे सारे शिकणे तीन गोष्टींशी जोडावे असा तिचा आग्रह होता: हाताचे काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज. ‘नई तालीम’ या नावाने ही योजना ओळखली जाते. त्या काळी तिच्यावर मुस्लिम समाजातून टीकाही झाली, मुस्लिम लीगने तिला विरोध केला. पण परिसर हेच मुलाचे पहिले पुस्तक असते, हे झाकीर हुसेन समितीचे म्हणणे आज जगभरचे शिक्षणतज्ज्ञ वेगळ्या शब्दांत सांगत आहेत.

त्यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९७७ मध्ये तिबिलिसी येथे युनेस्कोची परिषद झाली. पर्यावरण हा एका तासाचा सुटा विषय न ठेवता सगळ्या विषयांतून शिकवावा, असे तिथे ठरले. १९८६ च्या आपल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ‘पर्यावरणाचे संरक्षण’ हा दहा गाभाघटकांपैकी एक मानला. डी. एड. केलेल्या आपल्या शिक्षक-शिक्षिकांनी हे दहा गाभाघटक परीक्षेसाठी नक्कीच पाठ केले असतील.

तरी शाळेत फारसे काही घडेना. शेवटी वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकवला जावा. आदेशाची अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. मग एनसीईआरटीने पहिली ते बारावीचा नमुना अभ्यासक्रम तयार केला. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आणला. त्याचे पुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिले. महाराष्ट्रात तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास होताच. आता नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ आणि अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ असे विषय आहेत. बालभारतीची शालेय पुस्तके मराठीप्रमाणे उर्दूतही निघतात.

संयुक्त राष्ट्रांनी २००५ ते २०१४ हे दशक शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाचे दशक म्हणून पाळले. २०१५ मध्ये जगाने जी सतरा शाश्वत विकास ध्येये स्वीकारली, त्यांतील चौथे ध्येय शिक्षणाचे आहे. त्यातच असे लक्ष्य घातले आहे की २०३० पर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला शाश्वत जगण्याचे ज्ञान आणि कौशल्य मिळावे. भारताच्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पर्यावरणाचे भान, पाणी व संसाधनांची बचत, स्वच्छता यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकावे, अशी सूचनाही त्यात आहे. वर्ध्याची आठवण यावी अशीच ही सूचना आहे.

म्हणजे कायदा आहे, आदेश आहे, धोरण आहे, पुस्तकही आहे. मग अडते कुठे?

पहिली अडचण धोरणातल्या विसंगतीची. २०२० च्या धोरणाने पर्यावरणाचे महत्त्व सांगितले आणि त्यानंतर दोनच वर्षांत, कोरोनानंतरचा भार कमी करण्याच्या नावाखाली एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून जी प्रकरणे काढली, त्यांत ‘नैसर्गिक संसाधनांचे शाश्वत व्यवस्थापन’ हेही होते. आपल्या राज्य मंडळाची पुस्तके वेगळी आहेत, त्यामुळे आपल्या बहुतेक मुलांवर त्याचा थेट परिणाम झाला नाही. पण यातून एक गोष्ट कळते. ओझे कमी करायची वेळ आली की कोणत्या धड्यावर आधी काट बसते, हे पाहिले म्हणजे त्या धड्याची खरी किंमत समजते.

दुसरी अडचण वर्गातली आहे. हा विषय नेमका कोणाचा, हेच शाळेत ठरलेले नसते. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात तो भूगोलाचा, भूगोलाचे म्हणतात तो विज्ञानाचा. ज्यांच्या वेळापत्रकात जागा रिकामी असते त्यांच्याकडे तो जातो. त्यांनाही त्याचे प्रशिक्षण क्वचितच मिळालेले असते. मग उरते ती प्रकल्पवही. इंटरनेटवरून उतरवलेली माहिती, दुकानातून आणलेली चित्रे, वर थर्माकोलची सजावट, आणि ती सजावट करत अर्धी रात्र जागणारी अम्मी. प्लास्टिकच्या दुष्परिणामांवरचा प्रकल्प प्लास्टिकच्या कव्हरात घालून शाळेत जातो. यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांना विचारलेच आहे ते वहीबद्दल, परिसराबद्दल विचारले नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. पुस्तकातले पर्यावरण बहुधा दूरचे असते. ध्रुवावरचे वितळणारे बर्फ, अ‍ॅमेझॉनचे जंगल, नाहीसे होणारे वाघ. हे सारे खरे आहे आणि कळायलाही हवे. पण आपल्या नळाला आठवड्यातून एकदाच पाणी का येते, हे मुलाला त्या पुस्तकातून कळत नाही.

आम्ही इथे आपल्याच राज्यातील दोन घटनांची आठवण देतो. दोन्ही २०१६ च्या आहेत.

त्या वर्षी मांजरा धरण आटले आणि लातूर शहर तहानले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी आणि भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाला कलम १४४ लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणले गेले. पहिल्या गाडीत दहा टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांची गाडी येऊ लागली, म्हणजे एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर. आता सातवीच्या मुलाला हे उदाहरण घालून पाहा. शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३ लाख ८० हजार. एका मोठ्या गाडीचे पाणी सर्वांना सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? साडेसहा लिटरच्या आसपास. अर्धी बादलीही नाही. हा भागाकार मूल जन्मभर विसरणार नाही.

याच घटनेतून भूगोल शिकवता येतो: मांजरा कुठून येते, मराठवाड्यात पाऊस कमी का पडतो, मिरजेला पाणी होते ते कोणत्या नदीमुळे. इतिहास शिकवता येतो, कारण जुन्या गावांत बारव आणि विहिरी होत्या, त्या कशा बुजल्या हे आजी-आजोबांना विचारता येते. अर्थशास्त्र शिकवता येते, कारण राज्यातील शेतजमिनीच्या थोड्याशा भागावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्याचा अर्ध्याहून अधिक वाटा पितो, आणि तरी शेतकरी उसाकडेच का वळतो याचे उत्तर हमीच्या भावात आणि कारखान्याच्या राजकारणात आहे. नागरिकशास्त्र तर आहेच: पाणी आधी पिण्याला, शेतीला की कारखान्याला, हे कोण ठरवते? एका घटनेत चार विषय आले. यालाच सगळ्या विषयांतून शिकवणे म्हणतात. वेगळा तास, वेगळी वही यांची गरज त्याला पडत नाही.

दुसरी घटना मुंबईची. देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस मोठी आग लागली. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. धूर इतका होता की उपग्रहातूनही तो दिसला आणि परिसरातील शाळांना सुटी द्यावी लागली. त्या धुराच्या सावलीत गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी या वस्त्या आहेत. तिथे आपल्या समाजाची हजारो कुटुंबे राहतात. तिथल्या मुलाला वायुप्रदूषणाची व्याख्या पाठ करायला लावणे ही त्याची थट्टा ठरेल. त्याला कळायला हवे ते असे: ओला कचरा दबून कुजला की मिथेन वायू तयार होतो, तो पेट घेतो, म्हणून ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करायचा असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तसे करणे बंधनकारक केले. शहराच्या सुखवस्तू भागातला कचरा गरीब वस्तीच्या दाराशी येऊन का पडतो, हा प्रश्नही त्याने विचारला पाहिजे. शाश्वत विकासात न्यायाचा भाग असतो, तो हाच.

इथे एक गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगायची आहे. आपल्या समाजात भंगाराचा धंदा करणारे पुष्कळ आहेत. गॅरेजवाले, जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून देणारे, जुने कपडे आणि यंत्रांचे सुटे भाग पुन्हा वापरात आणणारे कारागीर आहेत. पुस्तकात ‘पुनर्वापर’ आणि ‘पुनर्चक्रीकरण’ या शब्दांचे मोठे कौतुक असते, पण भंगारवाल्याचा मुलगा वर्गात अब्बांचा धंदा सांगताना मान खाली घालतो. पुस्तक आणि आयुष्य यांची अशी ताटातूट झाली आहे. एखाद्या शिक्षकाने त्याच अब्बांना शाळेत बोलावून ‘तांबे, पितळ, पत्रा, पुठ्ठा कसा ओळखता, कुठे पाठवता, त्याचे पुढे काय होते’ असे विचारले, तर तो तास सगळ्या वर्गाला उपयोगी पडेल आणि त्या मुलाची मानही वर होईल. दप्तराविना दहा दिवसांची सूचना खऱ्या अर्थाने अमलात आणायची असेल तर अशीच आणावी. वरच्या नियमांनीही कचरावेचक आणि भंगार गोळा करणारे यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितले आहे.

हे जमते का? जमते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव सर्वांना माहीत आहे. तिथे पाऊस कमीच पडतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने बांध-बंधारे बांधले, झाडे राखली, शेतीसाठी बोअर घेण्यावर आणि उसासारख्या पिकावर बंदी घातली. पण त्या गावाची खरी शाळा म्हणजे त्याचा पाण्याचा ताळेबंद. पाऊस किती झाला हे मोजायचे, माणसे, जनावरे आणि शेती यांना किती लागेल ते काढायचे आणि ग्रामसभेत बसून पुढची पिके ठरवायची. ही बेरीज-वजाबाकी सहावीच्या मुलालाही जमण्यासारखी आहे.

ती आपल्या शाळेतही करता येते. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला की एक लिटर पाणी होते. शाळेचे छत २०० चौरस मीटरचे आहे आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरा. एक लाख लिटर पाणी झाले. त्यातले काही उडून, सांडून गेले तरी मुतारी धुवायला आणि झाडांना पुरेल एवढे उरतेच. मुलांनी स्वतः छत मोजावे, डब्यात पाऊस मोजावा, हिशेब फळ्यावर मांडावा आणि मुख्याध्यापकांना विचारावे की हे पाणी गटारात का जाते.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी ‘परिसर आणि अध्ययन’ या विषयावर एक गट नेमला होता. त्याचे अध्यक्ष होते पुण्याचे शास्त्रज्ञ प्रा. माधव गाडगीळ. मुलांनी आपल्या परिसराची जी माहिती गोळा करायची ती रद्दीत जाऊ नये, ती सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी जमा व्हावी, असा विचार त्या गटाने मांडला. विचार करा, एका तालुक्यातील सगळ्या शाळांनी दरवर्षी विहिरींची पातळी मोजून नोंदवली, तर दहा वर्षांत केवढी मोलाची माहिती जमेल. मुलाचे काम खऱ्या उपयोगाचे असले की ते सजवायला थर्माकोल लागत नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला शिक्षकांचा. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे या सगळ्यात आणखी हे कधी करायचे? ही तक्रार रास्त आहे. म्हणूनच आमचे म्हणणे असे की नवा विषय, नवे पुस्तक वाढवू नये. आहे त्याच गणितात, भूगोलात आणि भाषेत गावचे उदाहरण घालावे. शासनाने प्रशिक्षण द्यावे ते पर्यावरणाच्या एका शिक्षकाला नव्हे, सर्वांना द्यावे. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाची पुस्तके जिल्ह्याजिल्ह्याप्रमाणे वेगळी काढली होती. तोच विचार वरच्या वर्गांपर्यंत न्यावा.

दुसरा आक्षेप पालकांचा. ‘आमची मुले दहावीला गळतात, आधी त्यांना नोकरी मिळू द्या, झाडे-पाण्याचे नंतर पाहू.’ या म्हणण्यामागची चिंता आम्हाला समजते. पण भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाचे सांडपाणी, कोकणातल्या खाडीत घटणारी मासळी, जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत दुकानाच्या माळ्यापर्यंत चढलेले वाशिष्ठीचे पाणी, हे सारे रोजीरोटीचेच प्रश्न आहेत. निसर्ग बिघडला की पहिला फटका ज्याच्याकडे टँकर विकत घ्यायला पैसे नाहीत त्यालाच बसतो. शिवाय सौरऊर्जा, पाण्याची बचत करणारे नळकाम, कचऱ्यावरची प्रक्रिया या कामांना पुढे हात लागणारच आहेत. ते हात आपल्या मुलांचे असायला काय हरकत आहे?

आता आपल्या हातात काय आहे ते सांगतो.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू, मराठी शाळांत ही समिती शाळेचा विकास आराखडा तयार करते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत तिचे काम सल्ला देण्यापुरते असले, तरी सल्ला द्यायला कोणी अडवलेले नाही. आमच्या भगिनींनी या बैठकींना जावे. सही करून परत येऊ नये. छतावरचे पाणी, गळके नळ, मुलींच्या स्वच्छतागृहातले पाणी, शाळेचा कचरा कुठे जातो, हे चार प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावेत.

अंजुमन आणि ट्रस्ट चालवणाऱ्या मंडळींनी दरवर्षीच्या बक्षीस समारंभात टक्क्यांच्या बक्षिसांबरोबर एक बक्षीस असे ठेवावे, जे परिसराची खरी माहिती जमवून आणणाऱ्या मुलांना मिळेल. शाळेच्या शेजारी मशीद असेल तर वुजूचे पाणी नाल्यात न सोडता झाडांकडे वळवण्याची आखणी त्याच मुलांकडून करून घ्यावी. उतार, नळीची लांबी, खर्च यांचा हिशेब मुले काढतील आणि गवंडी ते काम करील.

घरात आई-वडिलांनी एवढे करावे: मूल पर्यावरणाचा प्रकल्प घेऊन आले की चित्रे आणायला दुकानात पाठवू नये. त्याला घरातल्या एका दिवसाच्या पाण्याची नोंद करायला लावावी, बादल्या मोजून. किंवा मोहल्ल्यातल्या जुन्या विहिरीबद्दल दादा-दादींशी बोलायला पाठवावे. वही थोडी मळकी होईल, अक्षर वाकडे येईल. त्यासाठी गुण कापले गेले तर पालकसभेत उठून शिक्षकांशी अदबीने बोलावे. आणि पुस्तकांना कव्हर घालताना तळाचे ते पुस्तक एकदा आपणच उघडून पाहावे. त्यातला कोणता धडा आपल्या गल्लीला लागू पडतो, एवढे शोधून मुलाला दाखवले तरी या वर्षाची सुरुवात चांगली होईल.